१८८०च्या दशकातला कॉर्सेट: जुन्या पॅटर्नवरून आजच्या अंगावर

सुईदोरा
नमस्कार मंडळी. नाट्यप्रयोगासाठी १८८०च्या दशकातला कॉर्सेट (कंबर आवळणारी ताठ चोळी) शिवायचा आहे. हाताशी त्या काळच्या मासिकाच्या पुरवणीतला पॅटर्न आहे. अर्ध्या बाजूला सहा तुकडे, पुढे बस्क (लूप आणि खुंट्यांनी जुळणारी स्टीलच्या पट्ट्यांची जोडी), मागे नाडी. तुकडे जोडून मोजले तर पूर्ण छाती ३२, कंबर २२, खालची कड ३३ आणि उंची १३ इंच भरते. घालणारीची मापं अशी: छाती ३६, कंबर २९, कंबरेखाली ४ इंचांवर ३८.

पॅटर्न झेरॉक्सवर मोठा केला तर चालेल का? कूटील (कॉर्सेटचं खास घट्ट कापड) इथे मिळत नाही, त्याला पर्याय काय? आणि ब्लाऊजच्या सामानाच्या दुकानातलं प्लॅस्टिक बोनिंग (कापड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे ‘हाडं’) पुरेल का? शिवण्याचा क्रमही सांगा.

बखिया
सुईदोरा ताई, झेरॉक्सवर अजिबात मोठा करू नका. कंबर बसेपर्यंत वाढवला तर साधारण १११ टक्के करावा लागेल. मग छाती इंचभर सैल होईल आणि १३ इंचांची उंची साडेचौदावर जाईल. बसल्यावर खालची कड मांडीवर टेकेल आणि अख्खा कॉर्सेट वर सरकेल. पॅटर्नमधून घ्यायची ती शिवणींची जागा, त्यांची वळणं आणि धाग्याची दिशा. मापं घालणारीचीच.

आधी हवं ते माप काढू. कंबर २९ ची आवळून २६ करायची, म्हणजे ३ इंच. रंगमंचावर एवढं भरपूर झालं. मागे नाडीची फट २ इंच ठेवायची, म्हणून कॉर्सेटची कंबर २४. छाती आवळायची नाही, ३६ मधून फट वजा करून ३४. कंबर आवळली की मांस खाली सरकतं, म्हणून ३८ ला अर्धा इंच जास्त धरून साडेअडतीस, वजा २, म्हणजे साडेछत्तीस.

आता लोक विसरतात ती गोष्ट. ही मापं अंगाला लागणाऱ्या बाजूची आहेत. दोन थर कापड, पट्टी आणि हाडं मिळून जाडी २ मिलिमीटर झाली तर आतला घेर बाहेरच्यापेक्षा जवळपास अर्धा इंच कमी भरतो. म्हणून तिन्ही मापांत अर्धा इंच मिळवा. अर्ध्या बाजूची शेवटची मापं: छाती सव्वासतरा, कंबर सव्वाबारा, खाली साडेअठरा. पॅटर्नची अर्धी मापं १६, ११ आणि साडेसोळा. म्हणजे वाढवायचं आहे छातीला १० सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), कंबरेला १० सूत, खाली १६ सूत.

ही वाढ पहिल्या तुकड्यात (बस्कचा) आणि सहाव्यात (नाडीचा) घालू नका. त्यांच्या कडा सरळ उभ्या धाग्यात असतात आणि तशाच राहायला हव्यात. मधल्या चार तुकड्यांत वाटा:
छाती: दुसऱ्यात ४ सूत, तिसऱ्यात ३, चौथ्यात २, पाचव्यात १.
कंबर: चौघांत अडीच-अडीच सूत.
खाली: दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ४, चौथ्यात ५, पाचव्यात ४.
प्रत्येक आकडा त्या तुकड्याच्या दोन्ही शिवणींवर निम्मा-निम्मा. मग नवी वळणं फ्रेंच कर्व्हने (वळणाच्या पट्टीने) सारखी करून घ्या आणि शेजारशेजारच्या शिवणी एकमेकींवर चालवून बघा. लांबीत एक सुताहून जास्त फरक निघाला तर रेघ कुठेतरी चुकली आहे.

लेस्टरकर
बखिया यांनी हिशेब चोख मांडलाय. मी पॅटर्नकडे वळतो, कारण तो नीट वाचला नाही तर पुढचं सगळं फुकट.

मासिकांच्या पुरवण्यांमध्ये एकाच कागदावर बऱ्याच कपड्यांच्या रेघा एकमेकींवर छापलेल्या असत. १८६७ साली सुरू झालेल्या हार्पर्स बझार या अमेरिकन मासिकाच्या पुरवण्या अशाच आहेत. प्रत्येक तुकड्याची रेघ वेगळी: तुटक, ठिपक्यांची, फुलीची. ट्रेसिंग पेपरवर एका वेळी एकच तुकडा उतरवा आणि शेजारी क्रमांक लिहा. कडेचं मार्जिन (शिवणीसाठी सोडायचं जादा कापड) त्यात बहुतेक वेळा धरलेलं नसतं. रेघ म्हणजे शिवण. मोजून खात्री करा: सगळे तुकडे मार्जिन धरलंय असं समजून मोजले आणि कंबर १७-१८ इंच आली, तर मार्जिन नाहीच.

पेटंटच्या चित्रांवरून शिवायला जाऊ नका. त्यात नवीन कल्पना कुठे आहे एवढंच दाखवलेलं असतं, तुकडे मापाने काढलेले नसतात. सगळ्यात भरवशाचे पॅटर्न म्हणजे प्रत्यक्ष टिकलेल्या कॉर्सेटवरून मोजून काढलेले. इथे इंग्लंडमध्ये लेस्टरशायरला मार्केट हारबरो गावच्या सिमिंग्टन या कॉर्सेट कारखान्याचा संग्रह आहे. त्यातल्या कॉर्सेटवरून काढलेल्या आकृत्या चौकटीच्या कागदावर असतात. छापल्यावर पहिल्यांदा चौकट मोजायची. एक इंचाची चौकट १५/१६ इंच आली तर प्रिंटरने पान आखडलंय, आणि २२ इंच कंबरेत जवळपास दीड इंच गेला.

बस्कचं वर्षही पाहून घ्या. सरळ बस्क त्या दशकात चालतोच. खाली चमच्यासारखा पसरट होणारा स्पून बस्क १८७३ च्या सुमारास आला आणि १८८० च्या दशकात जोरात होता. पण तो ज्या पॅटर्नसाठी आहे त्यालाच लावा, कारण त्याच्या पहिल्या तुकड्याची कड पोटावर वळलेली असते. सरळ कडेला स्पून बस्क लावला तर खाली कापड ताणून सुरकुततं.

गादीपाट
कापडाबद्दल. कूटीलला पर्याय निवडताना फक्त जाडी बघू नका, वीण बघा. कूटील हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारख्या) विणीचं सुती कापड असतं, आणि त्याला कारण आहे. साध्या ड्रिलमध्ये (पँटचं जाड सुती कापड) ट्विल विणीची तिरपी रेघ सगळ्या कापडावर एकाच दिशेने जाते. डावा आणि उजवा तुकडा आरशासारखे कापले तरी रेघ आरशासारखी उलटत नाही. एका बाजूला ती शिवणीच्या दिशेने येते, दुसऱ्या बाजूला शिवणीला छेद देते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या ताणल्या जातात आणि तासाभरात बस्क एका कुशीवर सरकतो. हेरिंगबोनमध्ये रेघा दोन्हीकडे झुकतात, म्हणून ताण बरोबरीने वाटला जातो.

आपल्याकडे घट्ट विणीचा हेरिंगबोन गादीपाट (गादीच्या खोळीचं कापड) मिळाला तर तोच घ्या. पट्ट्यांचा असेल तर अस्तराला लावा आणि वरून सॅटीन किंवा सुती साटीन. ड्रिलच घ्यावं लागलं तर दोन थर घ्या: आतला थर कापताना कापडाची उलटी बाजू वर ठेवून कापा, म्हणजे त्याची तिरपी रेघ वरच्या थराच्या विरुद्ध जाईल. जीन्सचं ताणणारं कापड मात्र चुकूनही नको, त्यात थोडं जरी इलॅस्टेन असलं तरी कंबर टिकत नाही.

तपासणी सोपी आहे. चार इंचांचा तुकडा उभ्या धाग्यात दोन्ही हातांनी ओढा, मग आडव्या, मग तिरपा. उभ्यात अजिबात हलता कामा नये, आडव्यात अगदी किंचित, आणि तिरपा ओढून सोडल्यावर तुकडा पुन्हा चौकोनी झाला पाहिजे. कापायच्या आधी सुती कापडाला भरपूर वाफ देऊन आखडवून घ्या.

धाग्याची रेघ पॅटर्नवर दिली असेल तर तीच पाळा, ती तिरकी वाटली तरी. नसेल तर उभा धागा कंबरेच्या रेघेला काटकोनात.

सुईदोरा
सगळं वहीत उतरवून घेतलं. बोनिंगचं राहिलं. आणि मॉकअपला (आधी शिवून बघायच्या कच्च्या नमुन्याला) मांजरपाट चालेल का?

लेस्टरकर
ब्लाऊजच्या दुकानातली विणलेली प्लॅस्टिक पट्टी इथे उपयोगाची नाही. कंबरेवर ताण आला की ती दुमडते आणि एकदा पडलेली घडी जात नाही.

मूळ कॉर्सेटमध्ये व्हेलच्या तोंडातल्या बलीनच्या पट्ट्या असत. त्या पातळ चिरता येतात, अंगाच्या उबेने वळण धरतात, आणि चिरलेल्या कडेला वेगळी टोपी लागत नाही. ते महाग होत गेलं तशा १८८० च्या दशकात पर्यायांची रीघ लागली. अमेरिकेत वॉर्नर कंपनीने वनस्पतीच्या तंतूंपासून कोरालाइन काढलं, तर मिशिगनमधल्या वॉरेन यांनी १८८३ मध्ये टर्कीच्या पिसांच्या दांड्यांपासून फेदरबोन. वेताच्या आणि नुसत्या दोरीच्या पट्ट्याही होत्या. तेव्हा त्या काळाशी प्रामाणिक राहायचं म्हणजे सगळीकडे जाड पोलाद असं नाही.

आज बलीनच्या वागण्याच्या सर्वात जवळ जाणारी वस्तू म्हणजे जर्मनीत बनणारं कृत्रिम व्हेलबोन. कात्रीने कापा, कानशीने टोकं गोल करा, कापडाखालून कोमट इस्त्रीने हवं तसं वळवा. मागवणं शक्य नसेल तर शिवणींवर ७ मिलिमीटर रुंदीच्या स्पायरल स्टीलच्या (गुंडाळलेल्या तारेच्या) पट्ट्या, आणि नाडीच्या दोन्ही बाजूंना सपाट स्प्रिंग स्टील. मागे स्पायरल नको, ती आडवीही वाकते आणि नाडी ओढली की मागची फट कंसासारखी फाकते.

कळीदार
स्टील अजिबात मिळत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातले जाड केबल टाय, ८ ते ९ मिलिमीटर रुंदीचे. डोकं कापून टोकं घासून घ्यायची. प्रयोगापुरतं काम उत्तम होतं. पण बस्कच्या बाजूला आणि नाडीच्या कडेला स्टीलच हवं.

मॉकअपला मांजरपाट चालेल, पण दोन थर, आणि हाडांसकट. नुसत्या मांजरपाटाचा एक थर अंगावर घालून काही कळत नाही, कारण तो ताणून सगळ्या चुका लपवतो. मार्जिन १ इंच ठेवा, शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवा म्हणजे अंगावरच टाचता येतील. हाडं मास्किंग टेपने आतून चिकटवली तरी पुरे. मागे भोकं पाडलेल्या दोन पट्ट्या कच्च्या जोडा आणि खरी नाडी ओवा. आत शेमीज किंवा पातळ सुती बनियन हवं. अर्धा तास घालू द्या, त्यात दहा मिनिटं खुर्चीत बसू द्या, मगच निर्णय घ्या.

काय बघायचं:

मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर मापं बरोबर. खाली रुंद आणि वर अरुंद असेल तर हिप कमी पडतोय, चौथ्या-पाचव्या तुकड्यात खाली वाढवा. कंबरेवर रुंद आणि दोन्ही टोकांना अरुंद असेल तर कंबर फार आवळली आहे किंवा वर-खाली कापड जास्त आहे. याच्या उलट, कंबरेवर मिटली आणि टोकांना फाकली, तर छाती आणि हिप दोन्ही आखूड.

कंबरेच्या जरा वर आडव्या सुरकुत्या आल्या तर दोन शक्यता. एक, कॉर्सेटची कंबर घालणारीच्या कंबरेवर बसतच नाहीये. तिची कंबर नाडीने बांधून खूण करा आणि मॉकअपवरच्या रेघेशी ताडून बघा. फरक असेल तर प्रत्येक तुकडा कंबरेच्या दीड इंच वर आडवा कापून तेवढाच उघडा किंवा मिटवा, सगळे सारखे. दोन, खाली हिपमध्ये घट्ट असल्यामुळे अख्खी वस्तू वर ढकलली जातेय. आधी हिप सैल करून बघा. बहुतेक वेळा सुरकुत्या तिथेच जातात.

तिरप्या सुरकुत्या आल्या तर तुकड्यांचा क्रम तपासा. तिसरा आणि चौथा तुकडा दिसायला इतके सारखे असतात की उलटसुलट जोडले जातात. वरची कड छातीपासून सुटली तर दुसऱ्या तुकड्याच्या वरच्या शिवणीतून आधी २ सूत काढा.

बखिया
मॉकअप बसला की आता खरं काम.

शिवणी फार अचूक हव्यात. अर्ध्या बाजूला पाच, म्हणजे एकूण दहा शिवणी. प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांतून एकेक मिलिमीटर जास्त गेला तरी कंबर २ सेंटिमीटर घटते. म्हणून कापलेल्या कडेवरून अंदाजाने शिवू नका. शिवणीची रेघ कार्बन आणि ट्रेसिंग व्हीलने प्रत्येक तुकड्यावर उतरवा आणि दोन रेघा टाचण्यांनी एकमेकींवर आणा. कंबरेच्या खुणेपासून सुरू करून आधी वर, मग पुन्हा कंबरेपासून खाली टीप मारा. टाका २ ते अडीच मिलिमीटर, सुई ९० किंवा १०० नंबर, दोरा चांगला पॉलिस्टर. सुती दोरा कंबरेच्या ताणाला कमी पडतो.

क्रम असा: बस्क, मग पुढून मागे तुकडे, कंबरपट्टी, हाडांच्या नळ्या, भोकं, हाडं, वरची-खालची पट्टी, फ्लॉसिंग (हाडांच्या टोकांवरचे टाके).

बस्क. लूपची बाजू घालणारीच्या उजवीकडे. दोन लूप जवळजवळ असतात ते टोक खाली, पोटाकडे. पहिला तुकडा आणि त्याची आतली पट्टी सुलट बाजू समोरासमोर ठेवा, बस्क कडेला लावून प्रत्येक लूपच्या दोन्ही कडांची खूण करा. शिवताना लूपच्या जागा सोडायच्या आणि टिपेच्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला व शेवटी उलटी टीप. सोडलेली जागा लूपहून जेमतेम अर्धं सूत जास्त. जास्त सोडली तर लूप हलतो आणि बाहेरून स्टील दिसतं. बस्क आत सरकवला की झिपर फूटने त्याच्या अगदी लगत टीप. १२ इंचांच्या बस्कला पुढची कड तयार झाल्यावर पावणेतेरा इंच हवी. वर-खाली तीन-तीन सूत मोकळं राहिलं तर कडेची पट्टी लावताना सुई स्टीलवर आपटत नाही.

खुंट्यांची बाजू तयार लूपच्या बाजूवर ठेवून लूपमधूनच पेन्सिलने खुणा करा. इथे भोक कापायचं नाही. टोकदार आरीने धागे बाजूला सारत खुंटी आत ढकला. कापलं की धागे सुटतात आणि थोड्याच प्रयोगांत खुंटीभोवती चीर पडते.

कंबरपट्टी. पाऊण ते एक इंच रुंदीची घट्ट सुती किंवा पेटरशॅम (उभ्या रेघांच्या विणीची घट्ट फीत) पट्टी, दोन थरांच्या मधे किंवा आतून, बस्कपासून नाडीपर्यंत सलग. प्रत्येक नळीच्या शिवणीत ती अडकवायची. सगळ्या जुन्या कॉर्सेटमध्ये ती नसते, तरी तुमच्यासाठी मी घालाच म्हणेन. कंबर कापडाने धरायची असते, हाडं फक्त कापडाला उभं ठेवतात. पट्टी असली की शिवणींवरचा ताण निम्म्याहून कमी वाटतो.

गादीपाट
कंबरपट्टीला माझं अनुमोदन, फक्त ती ताणून लावू नका. ताणून लावली तर कॉर्सेट पट्टीवर लटकतो आणि दोन्ही बाजूंना कापड फुगतं. तुकड्यांइतकीच सपाट ठेवा.

नळ्यांचं माप: ७ मिलिमीटरच्या पट्टीला ९ मिलिमीटरची नळी. ८ केली तर पट्टी मधेच अडकते, ११ केली तर आत फिरते आणि कड वर येऊन कापड घासते. हाडाची लांबी नळीहून वर-खाली मिळून अर्धा इंच कमी. बरोबर नळीइतकी ठेवली की बसल्यावर टोक वरच्या पट्टीतून बाहेर येतं. स्टील कापलं की टोकं कानशीने घासून धातूची टोपी किंवा प्लंबरच्या पांढऱ्या टेपचे सात-आठ वेढे.

उरेबपट्टी
धागा उत्तम चाललाय. नाडीच्या भोकांबद्दल थोडं माझंही मत. ५ मिलिमीटरची दोन भागांची धातूची आयलेट (भोकात बसवायच्या कड्या), वॉशर असलेलीच, चालतात आणि १८८० ला योग्यही आहेत. धातूची आयलेट १८२८ पासून कॉर्सेटला लागत आली आहेत. पण भोक पंचने पाडू नका. आरीने पाडून दाभणाने रुंद करा, आयलेट जेमतेम घुसेल इतकंच. १३ इंचांच्या कडेला इंचइंचावर १३ भोकं, कडेपासून अर्धा इंच आत, दोन्ही बाजूंना सपाट स्टील. स्टीलच्या पट्ट्यांमध्ये वॉशर बसेल एवढी जागा आधीच मोजा, नाहीतर वॉशर पट्टीवर चढतो आणि ठोकताना वाकडा होतो.

नाडी ५ मीटर, सपाट विणीची. वरून काटछेद ओवत आणा, खालूनही तसंच, आणि कंबरेवर दोन मोठे फास ठेवा. ओढायचं ते तिथून.

फ्लॉसिंग सोडू नका. हाडांच्या दोन्ही टोकांशी जाड रेशमी दोऱ्याचे टाके घालतात ते शोभेसाठी वाटले तरी काम दोन आहेत: हाड वर-खाली सरकत नाही, आणि टोकाजवळ कापड झिजत नाही.

सुईदोरा
उरेबपट्टी, हे मला माहीतच नव्हतं, खूप आभार. याच प्रयोगात एक पात्र १७८० च्या सुमाराचं आहे. तिच्यासाठी हाच पॅटर्न लांबवता येईल का?

लेस्टरकर
नाही. तो वेगळाच कपडा आहे. १७८० च्या ‘स्टेज’मध्ये (stays, कॉर्सेटच्या आधीची ताठ चोळी) कंबर फारशी आवळत नाहीत, छातीला वर उचलून धड उलट्या शंकूसारखं करतात. बस्कची जोडी नसते, हिपसाठी फुगवटा नसतो, कंबरेखाली कापडाच्या पाकळ्या कापलेल्या असतात. लिननचे दोन थर, हातशिलाईची उलटी टीप, भोकंही हाताने काजाच्या टाक्याने केलेली. नाडी एकच, नागमोडी वर जाणारी, म्हणून एका बाजूची भोकं दुसरीपेक्षा अर्ध्या अंतराने खाली-वर. समोरासमोर पाडली तर एक बाजू वर सरकून राहते. वेळ सर्वात जास्त पाकळ्यांच्या कडा बांधण्यात जातो. तिथे जाड पट्टी वळतच नाही, पातळ मऊ चामड्याची किंवा लिनन टेपची अरुंद पट्टी घ्या. त्यासाठी वेगळा धागा काढू.

कळीदार
एक शेवटची व्यावहारिक गोष्ट. मुंबई-कोकणात पावसाळी प्रयोग असतील तर स्टीलला गंज धरतो आणि तपकिरी डाग कापडातून वर येतात, ते जात नाहीत. पट्ट्यांवर पांढरा लेप असला तरी कापलेलं टोक उघडं असतं, म्हणून टोपी घालण्याआधी तिथे नेलपॉलिशचे दोन हात द्या. प्रयोगानंतर कॉर्सेट लगेच गुंडाळू नका. नाडी पूर्ण सैल करून उलटा पंख्याखाली रात्रभर ठेवा. धुवायचा नाहीच, शेमीज धुवा. आणि नटीला पहिल्या दिवसापासून २६ वर ओढू नका: आठवडाभर तालमीत २८ वर, मग २७, मग शेवटचा इंच. पायात किंवा बोटांत मुंग्या आल्या, श्वास अपुरा वाटला, की लगेच सैल करायचं. तालमीत नाडी सोडवणारी व्यक्ती विंगेत ठरवून ठेवा.

सुईदोरा
हो, ती सोय करते. गादीपाटाचे दोन नमुने मिळाले आहेत, एक हेरिंगबोन, एक साधा. हेरिंगबोनचा पट्टा निळा आहे, पांढऱ्या साटीनखालून दिसेल का?

गादीपाट
दिव्यांखाली दिसेल. मधे पांढऱ्या मलमलचा एक थर घाला, पण तिन्ही थर आधी कडेने कच्चे टाचून एकच कापड म्हणून शिवा. आणि जाडी वाढली म्हणून कंबरेला आणखी एक सूत द्या.